पंधरा मिनिटांचा अधिकार

रक्तातली साखर खूप खाली गेली की एक गोष्ट हमखास कळेनाशी होते, ती म्हणजे साखर खाली गेली आहे हीच. सुरुवातीला शरीर सूचना देतं. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पण असं वारंवार व्हायला लागलं की या सूचना बोथट होत जातात आणि माणूस थेट पुढच्या पायरीवर पोचतो. शब्द सापडत नाहीत, साधा हिशोब जमत नाही, समोरचा उगाच आपल्या मागे लागलाय असं वाटायला लागतं. अशा वेळी समोरचा म्हणतो, "ग्लुकोज घे." आणि आपण म्हणतो, "नको. काही झालेलं नाही मला."

हा लेख त्या नकाराबद्दल आहे. तो मानायचा की मोडायचा? आणि मोडायचा असेल तर कुणी, आणि कुठवर?

मी २९ वर्षांची आहे, पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. चार वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आता ७४ आहे. गुडघे दुखत नाहीत, घोरणं थांबलं, मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मी मागे आले. "सोपा मार्ग घेतलास" म्हणणारे नातेवाईक अजून भेटतात, त्यांना मी उत्तर देत नाही. शस्त्रक्रियेनंतर दीडएक वर्षाने मात्र एक नवीन पाहुणा आला. जेवणानंतर दीड-दोन तासांनी साखर कोसळायची. घरात आधी त्याचं निदान 'पित्त' असं झालं, कारण आमच्याकडे चक्कर, मळमळ, डोकेदुखी आणि वाईट मूड या सगळ्याचं निदान पित्तच असतं.

नेमकं काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. आपल्या जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते. ती अन्न थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडते. बायपासमध्ये जठराचा वरचा साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करतात आणि तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडतात. म्हणजे कप्पा लहान आणि वाटेत झडप नाही. भात किंवा गोड चहा पोटात गेला की त्यातली साखर भरकन आतड्यात उतरते आणि तितक्याच वेगाने रक्तात चढते. आतडी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात, स्वादुपिंड जोरात इन्सुलिन ओततं. थोड्या वेळात साखर वापरून संपते, इन्सुलिन मात्र अजून ड्युटीवर असतं. मग साखर खाली, आणखी खाली. इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात याला आम्ही ओव्हरशूट म्हणायचो. व्हॉल्व्ह काढून टाकला आणि कंट्रोलर जुनाच ठेवला तर दुसरं काय होणार?

गंमत अशी की संप्रेरकांच्या याच लाटेचा अनेकांचा टाईप २ मधुमेह सुधारण्यात हातभार असतो. एकाला तारणारी गोष्ट दुसऱ्याला पाडते. आणखी गंमत म्हणजे पडलेल्याला उठवायचं औषध साखरच. तीही जास्त झाली तर पुन्हा लाट, पुन्हा घसरण. म्हणून ग्लुकोज मोजून घ्यायचं आणि साखर वर आली की मूठभर शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा खायचा. एरवी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आधी उसळ, अंडं किंवा पनीर, मग भाकरी, जेवताना पाणी नाही. एकादशीला आमचं घर साबुदाणा, बटाटा आणि रताळं खाऊन उपास करतं. माझ्यासाठी ते वर्षातलं सगळ्यात बेफाम ताट असतं. मला अकार्बोज नावाची गोळीही आहे. ती पिष्ट आणि साखर फुटायचा वेग कमी करते. तिच्यामुळे एक बारकावा येतो: साखर कोसळली असताना घरातली साधी साखर उशिरा लागू पडते, शुद्ध ग्लुकोजच लागतं. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून १५ ग्रॅमच्या पुड्या करून ठेवल्या आहेत. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, दोन फ्रिजवर.

आता आकडे. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की पहिली पातळी. ५४ च्या खाली दुसरी. तिसऱ्या पातळीला आकडाच नाही. दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येणार नाही इतकी बिघडलेली अवस्था, एवढीच तिची व्याख्या. पहिल्या दोन पातळ्या रक्ताबद्दल आहेत. तिसरीत पहिल्यांदा दुसरा माणूस येतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असतो, पण ऊर्जा साधारण २० टक्के खातो. पुरवठा तुटला की आधी त्याचीच कामं मंदावतात, आणि 'माझं काही बिघडलंय का?' हे तपासणं हेही त्यातलंच एक काम आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर जी प्रोसेस क्रॅश होते आहे, तिच्याच आत डीबगर चालू आहे.

म्हणूनच आम्ही वॉचडॉग नेहमी बाहेर ठेवतो. माझा वॉचडॉग दंडावर चिकटवलेला एक सेन्सर आहे. तो दर काही मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो, आणि माझ्या परवानगीने माझ्या नवऱ्याच्याही फोनवर. पण वॉचडॉगही चुकतो. सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो. आणि झोपेत त्या दंडावर भार आला तर तो खोटंच 'खाली' दाखवतो. एका पहाटे तीन वाजता नवऱ्याने मला हलवून उठवलं, फोनवर ५८. बोटाला टोचून पाहिलं तर ९६. मी नुसती कुशीवर झोपले होते. त्यामुळे 'मशीन सांगतंय तेच खरं' असं म्हणून सुटका होत नाही. आकडा वाचून काहीतरी ठरवणारा माणूस लागतोच, आणि माणूस आला की त्याच्या हातात अधिकार आला.

या अवस्थेतल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. १९७३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे 'आर विरुद्ध क्विक' हा खटला आला. मधुमेह असलेल्या एका नर्सवर रुग्णाला मारहाण केल्याचा आरोप होता. इन्सुलिन घेतलं, खाणं पुरेसं झालं नाही, साखर उतरली आणि पुढचं आठवत नाही, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. साखर उतरली ती टोचलेल्या इन्सुलिनमुळे, म्हणजे बाहेरच्या कारणाने. तेव्हा त्याला मनाचा आजार म्हणता येणार नाही, आणि आपली कृती आपल्या ताब्यात नव्हती हा त्याचा बचाव ज्युरीपुढे जायला हवा होता. सोबत न्यायालयाने हेही बजावलं की इन्सुलिन घेऊन जेवण टाळणं अशासारखी आधीच दिसू शकणारी गोष्ट असेल, तर हा बचाव दर वेळी चालणार नाही. पुढे १९८९ च्या 'हेनेसी' खटल्यात उलट परिस्थिती होती. इन्सुलिन न घेतल्याने साखर चढलेली. तिथे कारण आजार स्वतःच, म्हणजे आतलं, असं ठरलं, आणि कायद्याच्या हिशोबात ते 'वेडेपणा'च्या खात्यात गेलं.

आत की बाहेर, ही रेघ माझ्या शरीरात कुठे ओढायची? इन्सुलिन माझ्याच स्वादुपिंडाचं, म्हणजे आतलं. ते उधळतं ती वाट सर्जनने बनवली, म्हणजे बाहेरची. आणि ती बनवायच्या कागदावर सही माझी. डॉक्टरांमध्येही यावर वाद झालेला आहे. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर साखर कोसळणाऱ्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांच्या मते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच वाढलेल्या होत्या, आणि उपाय म्हणून स्वादुपिंडाचा काही भाग काढण्यात आला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी याच रुग्णांच्या पेशी पुन्हा तपासल्या आणि पेशी वाढल्याचं त्यांना पटलं नाही. आज उपचाराची सुरुवात ताटापासून होते, सुरीपासून नाही.

पण कायदा विचारतो की झालेल्या गोष्टीचा दोष कुणाचा. घरात रोज पडणारा प्रश्न निराळा असतो. अजून काही झालेलं नाही, मी फक्त 'नको' म्हणते आहे, आणि माझ्यावर प्रेम करणारा माणूस पुडी हातात घेऊन उभा आहे. त्याने काय करावं?

या प्रश्नाचं एक प्रसिद्ध उत्तर होमरच्या 'ओडिसी'त आहे. सायरन गाऊ लागल्या की खलाशी भान हरपून मरतात. ओडिसियसला गाणं तर ऐकायचंय. म्हणून तो खलाशांच्या कानात मेण घालतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. मी सोडा म्हणालो तर दोर आणखी आवळा, असं आधीच सांगून ठेवतो. यॉन एल्स्टर या विचारवंताने १९७९ मध्ये याच गोष्टीच्या नावाने एक पुस्तक लिहिलं. शुद्धीत असताना स्वतःला बांधून घेण्याच्या अशा करारांना आता 'युलिसिस करार' म्हणतात, आणि मानसिक आजारांच्या उपचारांत त्यांचा गंभीरपणे विचार होतो.

यावर आक्षेप सरळ आहे. कालच्या मला आजच्या मला बांधायचा काय अधिकार? आजची मीसुद्धा मीच आहे ना? कालची मी जास्त शहाणी होती, हे उत्तर मला पटत नाही. पंचविशीत मी घेतलेले अनेक निर्णय आज मला बांधील धरत नाहीत. मला पटणारं उत्तर वेगळं आहे. साखर कोसळल्यावरच्या त्या फटीच्या दोन्ही काठांवर मीच उभी असते. अलीकडची मी म्हणते, 'तेव्हा मला ग्लुकोज द्या.' पलीकडची, पंधरा मिनिटांनंतरची मी म्हणते, 'बरं झालं दिलंत.' मधली एकटी 'नको' म्हणते. दोन्ही काठ एकमताने बोलत असतील, तर मधल्या फटीवर फळी टाकणं ही जबरदस्ती वाटत नाही.

पण याच उत्तरातून त्या अधिकाराची मर्यादाही निघते. दोन्ही काठांचं एकमत कशावर आहे? फक्त ग्लुकोजवर. त्या वेळी मी जे काही बोलत होते ते सगळं खोटं होतं, यावर नाही.

ही मर्यादा कागदी नाही. बायकांना एक वाक्य चांगलं माहीत असतं: "पाळी आली आहे का?" रागाचं कारण न ऐकता राग निकालात काढायची ती जुनी युक्ती. माझ्या आयुष्यात त्या वाक्याला एक शास्त्रशुद्ध भावंड मिळालं: "शुगर लो आहे का तुझी?" आई सांगलीहून फोनवर विचारते, "अगं, खाल्लंस का काही? आवाज चढलाय तुझा." सासूबाई काळजीने विचारतात. हे सगळे मनापासून विचारतात, आणि कधी कधी साखर खरंच खाली असते. म्हणून तर ते इतकं अवघड आहे. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या 'एपिस्टेमिक इन्जस्टिस' या पुस्तकात अशा अन्यायाला नाव दिलं. माणूस कोण आहे हे पाहून त्याच्या बोलण्याची किंमत आधीच कमी करणं. 'ती आजारी आहे' हा त्यातला सगळ्यात मायाळू प्रकार.

म्हणून आम्ही दोघांनी बसून एक करार लिहिला. फोनच्या नोट्समध्ये आहे, वकिलाची गरज पडली नाही.

एक. आकडा ५४ च्या खाली असेल, किंवा मी विचित्र वागते आहे असं वाटलं आणि बोटाला टोचून ७० च्या खाली आलं, तर चर्चा नाही. माझ्या 'नको'कडे दुर्लक्ष करून १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं.

दोन. तेवढ्या वेळात गाडीची किल्ली त्याच्याकडे. बाकी माझ्या कुठल्याच गोष्टीला हात लावायचा नाही, फोनलाही नाही.

तीन. १५ मिनिटांनी पुन्हा टोचून बघायचं. ७० च्या वर असेल तर त्याचा अधिकार तिथेच संपला. नसेल तर आणखी एक पुडी, आणखी १५ मिनिटं.

चार. नंतर त्याने स्वतःहून विचारायचं, "मघाशी तू काय म्हणत होतीस?" आणि ऐकायचं.

पाच. मी शुद्धीत नसेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

(ही मापं माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी घालून दिलेली आहेत. तुमची वेगळी असू शकतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

पहिली तीन कलमं आमच्यासाठी सोपी होती. चौथ्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. "शुगर लो असताना तू जे बोलतेस ते तुलाही नंतर नको असतं ना? मग मी ते पुन्हा का उकरून काढू?" हा त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. माझं म्हणणं होतं की ते नको असेल तर मी स्वतः सांगेन की सोड ते. पण ते सोडून द्यायचा हक्क माझा.

गेल्या दिवाळीच्या आसपास कराराची परीक्षा झाली. बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात फ्लॅट बुक करायचा विषय होता. वीस वर्षांचं कर्ज, हप्ता दोघांच्या पगारातून. रात्री साडेनऊला जेवणानंतर आम्ही त्यावर बोलत होतो, मी 'नाही' म्हणत होते आणि माझा आवाज चढत चालला होता. त्याचा फोन वाजला: ५१. तो गप्प उठला, पुडी फोडली, ग्लास पुढे केला. मी म्हणाले, "विषय बदलू नकोस." तो म्हणाला, "बदलत नाहीये. आधी हे पी." मी प्यायले. आम्ही दोघं पंधरा मिनिटं सोफ्यावर न बोलता बसून राहिलो. ८८ आला. मी शेंगदाणे खात असताना त्याने विचारलं, "मघाशी काय म्हणत होतीस?"

मी तेच म्हणाले. आवाज खाली होता, हात थरथरत नव्हते, आणि उत्तर 'नाही' हेच होतं. ताबा वेळेवर मिळेल याची खात्री नाही आणि एका पगारावर तो हप्ता झेपणार नाही. आता कारणं नीट क्रमाने सांगता आली, एवढाच फरक. साखर वर आली होती, मत जिथल्या तिथे होतं. त्याचा चेहरा थोडा पडला. साखरेबरोबर माझा नकारही जागेवर येईल अशी आशा त्याला होती, असं तो नंतर हसत म्हणाला. पण त्याने ऐकलं, आणि आम्ही फ्लॅट घेतला नाही.

उलटही झालेलं आहे. एकदा ४३ वर असताना मी ग्लास हाताने लोटत, हसत "काय नाटक आहे हे" म्हणत होते. त्याने ऐकलं नाही, दिलंच. नंतर "मघाशी काय म्हणत होतीस?" विचारलं तर मला काही सांगायचं नव्हतं. दोन्ही वेळा करार सारखाच पाळला गेला. साखर कमी असणं आणि चूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातलं कुठलं काय, हे साखर खाली असताना ठरवता येत नाही, मलाही नाही आणि त्यालाही नाही. म्हणून विचारण्याचं काम वर आल्यावर करायचं.

ओडिसियसच्या गोष्टीत दोर आवळल्याचं सगळ्यांना आठवतं. पुढचं वाक्य फारसं कुणी सांगत नाही. जहाज सायरनांच्या टापूतून पुढे गेल्यावर खलाशी कानातलं मेण काढतात आणि त्याला सोडवतात. मला ही गोष्ट त्या सोडवण्यामुळे पटते. बांधायला त्याची परवानगी होती. पण सोडायचं तेव्हा तो काही करू शकत नव्हता, ती जबाबदारी पूर्ण खलाशांची होती. समजा त्यांनी म्हटलं असतं, 'पुढेही सायरन असतील, राहू दे बांधलेला,' तर?

मला हा प्रश्न जास्त लागतो, कारण माझा एक दोर कायमचा आहे. बायपास हाही युलिसिस करारच होता. पुढच्या आयुष्यातल्या माझ्या भुकेला मी पंचविशीत सही करून बांधून घेतलं, आणि तो दोर कुणी पंधरा मिनिटांनी सोडणार नाही. त्याची तक्रार नाही, गुडघे रोज आठवण करून देतात. पण एक न सुटणारा दोर अंगावर असताना दुसरे दोर तरी सुटणारे हवेत, एवढं मी मागू शकते.

हे फक्त माझ्यासारख्यांचं नाही. वयामुळे विसरायला लागलेले आजोबा, डिप्रेशनमधला मित्र, तापात बडबडणारं पोर, भूल उतरत असलेली आई: प्रत्येक घरात कुणाचा तरी 'नको' कुणीतरी मोडत असतं, बहुतेक वेळा मायेपोटी, आणि पुष्कळदा तो मोडायलाच हवा असतो. त्यांच्यातल्या काहींना पलीकडचा काठ लवकर मिळत नाही, काहींना कधीच मिळत नाही. तिथे माझं गणित जसंच्या तसं लागू होणार नाही. पण तिथेही विचारता येतं: मी नेमकी कोणती एक गोष्ट मोडतोय? कुठपर्यंत? आणि औषध घेऊन झाल्यावर, ताप उतरल्यावर, सकाळी डोकं ताळ्यावर असताना, मी परत जाऊन त्यांचं म्हणणं विचारणार आहे का?

आजोबा गोळी नको म्हणाले, ती द्यावी लागली, दिली. पण त्याच वेळी ते म्हणत होते की मला गावाला जायचंय. गोळी पोटात गेली. गावाचं त्यांना नंतर कुणी विचारलं का?